थांबलेल्यांचा रकाना

मी एक जुना टकटक्या आहे. दप्तरात माझी नोंद 'हातमोजणी यंत्र' अशी आहे, पण त्या नावानं मला कधी कुणी हाक मारली नाही. मुठीत मावेल एवढा पत्र्याचा गोल देह, वर एक खटका, पुढे काचेआड चार आकडे. खटका दाबला की टक्, आणि आकडा एकानं पुढे. काम एवढंच. पण मित्रांनो, याच कामानं माझी हाडं खिळखिळी झाली.

एका छोट्या कारखान्यात माझी जुळणी झाली. तपासणाऱ्यानं मला शंभर वेळा दाबलं आणि "हा खोटं बोलायचा नाही," असं म्हणून खोक्यात घातलं. तिथून मी थेट शहराच्या वाहतूक नियोजन खात्यात आलो. ज्यांच्या हाती मला सोपवलं, त्यांना सगळं कार्यालय 'मोजणीबाई' म्हणायचं. घडीचं स्टूल, छत्री, पाण्याची बाटली आणि मी, असा आमचा संसार.

पहिलं मोठं काम मिळालं ते एका अरुंद रस्त्यावर. तो रुंद करायचा की नाही, हे आमच्या आकड्यावर ठरणार होतं. फॉर्मवर ट्रक, बस, मोटार, दुचाकी असे रकाने होते. पायी चालणाऱ्यांसाठी रकाना नव्हता, म्हणून आम्ही त्यांना मोजलंच नाही. सात दिवस टक् टक् टक्! खात्याच्या साहेबांनी मला हातात घेऊन सगळ्यांसमोर शाबासकी दिली. "पक्का आकडा म्हणतात तो हा!" मी किती फुगलो होतो म्हणून सांगू! दोन वर्षांत तो रस्ता सहापदरी झाला.

त्या रस्त्याच्या अलीकडे एका म्हाताऱ्या शिंप्याचं दुकान होतं आणि बरोबर समोर, पलीकडे, त्याची थोरली बहीण राहायची. तो तिला अक्का म्हणायचा. पूर्वी हातातलं शिवण तसंच ठेवून शिंपीकाका तिच्याकडे चहाला जाऊन यायचे. आता मध्ये सहा पदर आणि अंगावर येणाऱ्या गाड्या. लांबच्या पुलावरून वळसा घालायचा तर दोन बस आणि वर गुडघेदुखी. म्हणून रोज पाच वाजता दोघं आपापल्या कडेला येऊन उभी राहायची. काका ओरडायचे, "जेवलीस का गं?" अक्का कानाला हात लावायची. तेवढ्यात मधून ट्रक जायचा.

काकांनी सिग्नलसाठी अर्ज केला. नियम असा होता, की गर्दीच्या तासात निदान दोनशे माणसांनी तिथं रस्ता ओलांडला पाहिजे. बाई मला घेऊन बसल्या. एकतीस झाले. पुढच्या वर्षी सव्वीस, तिसऱ्या वर्षी एकोणीस.

साहेब म्हणाले, "बाई, आकडा घसरत चाललाय. म्हणजे लोकांना तिथं ओलांडायची गरजच नाही."

"गरज आहे हो साहेब, हिंमत राहिली नाही."

"हिंमतीला फॉर्मवर रकाना आहे का?"

नव्हता. फाईल बंद झाली. मित्रांनो, तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. ज्या आकड्यानं रस्ता रुंद झाला, तो माझाच होता ना!

चौथ्या वर्षी काकांनी पुन्हा अर्ज केला. आम्ही पुन्हा कडेला बसलो, तेव्हा ते जवळ आले. "बाई, मला मोजलंत का?"

"तुम्ही ओलांडलं कुठं, काका?"

"रोज उभा असतो की! ते मोजत नाही होय?"

बाईंनी पिशवीतून पट्टी काढली, फॉर्मच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीनं एक रकाना आखला आणि वर लिहिलं, 'थांबून परत गेलेले'. कडेवर मूल घेतलेली आई थांबली, परत गेली. टक्. कुबड्या घेतलेला माणूस थांबला. टक्. पोस्टमन. टक्. तासाभरात दोनशे सदतीस! माझी स्प्रिंग ठणकत होती, पण थांबावंसं वाटत नव्हतं.

साहेबांनी कागद बराच वेळ पाहिला. "हा रकाना कुणी मंजूर केला?"

"कुणी नाही. मी आखला."

"नोकरी जड झालीय वाटतं?"

पण त्यांनी तो खोडला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः आले, गाडी लांब ठेवून. पलीकडे जायला म्हणून एक पाय रस्त्यावर ठेवला, मागे घेतला, पुन्हा ठेवला. पंधरा मिनिटांनी घाम पुसत परत आले. बाईंनी मला दाबलं.

"हे काय?"

"तुम्हालाही याच रकान्यात घेतलं, साहेब."

साहेबांनी तिथंच, स्टुलावर फाईल ठेवून सही केली.

सही झाली म्हणजे काम झालं असं समजू नका. समिती, हरकती, खोदकाम यांत आणखी दोन वर्षं गेली. शेवटी हिरवा दिवा लागला, त्या दिवशी बाई मला शून्यावर आणून घेऊन गेल्या. शिंपीकाका काठी टेकत निघाले, शेजारी आम्ही. अर्ध्यात पोचलो तोच दिवा लाल झाला. मधल्या दुभाजकावर उभं राहून पुढच्या हिरव्याची वाट पाहिली. तोही मिळाला.

पलीकडे अक्का कठड्याला धरून उभी होती. खूप वाळली होती.

"किती उशीर केलास रे!"

"काय करू अक्का, नियमात बसत नव्हतो."

बाईंनी मला दाबलं. टक्. आणि माझी स्प्रिंग तुटली.

आता मोजायला कॅमेरे आलेत. मी वाळलेल्या शाईच्या डब्यांसोबत खणात पडून असतो. नवीन माणसं मला उचलतात, हलवून बघतात आणि "एकावर अडकलाय, टाकून द्या," म्हणतात. मित्रांनो, थकलोय मी. मला तेलपाणी नको, दुरुस्ती नको. मी आयुष्यात खोटं बोललो नाही, पण जे कुणी विचारलं नाही ते सांगितलंही नाही. तुम्ही मोठे होऊन फॉर्म तयार कराल, तेव्हा कडेला थांबलेल्यांनाही विचारा. आणि काचेआडचा तो एक शिंपीकाकांचा आहे, तेवढा शून्यावर आणू नका.