उलटा डोंगर

"काका, ही कुठली? हिच्यावरचा आकडा पुसलाय."

"सीनाईची. चुनखडी," बयूमी न बघताच म्हणाला. "घेऊन जा."

दोघा हमालांनी पेटी उचलली आणि दारात उभ्या ट्रकमध्ये उपडी केली. दगड दगडांवर पडले. सकाळपासून हा आवाज शंभराहून जास्त वेळा झाला होता. पहिल्या वेळी बयूमीला जे काय वाटलं असेल, ते दहाव्या पेटीपर्यंत संपलं होतं.

कैरोच्या वेशीवरच्या या शेडचा तो पस्तीस वर्षांपासूनचा राखणदार. सरकारच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने देशात जिथे जिथे जमिनीला भोक पाडलं, तिथून निघालेल्या दगडाच्या गोल कांड्या, दिसायला थेट उसासारख्या, इथे पेट्यांमध्ये ओळीने मांडलेल्या असत. अख्खा देश तीनशे मीटर खोलीपर्यंत, मीटरमीटरचा, बयूमीच्या किल्लीखाली होता. आता मंत्रालयाला गाड्या लावायला जागा हवी होती. देशाच्या पोटात काय आहे हे कोणी वर्षानुवर्षं विचारत नाही. साहेबांची गाडी कुठे आहे हे रोज विचारतात. निर्णयात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. शेड आज रिकामी होणार होती आणि बयूमी गुरुवारी.

बोअर सतराच्या नऊ पेट्या मात्र त्याने भिंतीपाशी सरकवून ठेवल्या होत्या. "त्या शेवटी," एवढंच तो हमालांना म्हणाला होता.

अकराच्या सुमारास एक बाई कागद हातात धरून आत आल्या. कागदावर पाच शिक्के होते. पाच शिक्के मिळवायला किती दिवस लागतात हे ठाऊक असल्याने बयूमी उठून उभा राहिला.

"मी सुहैर. डॉक्टर हिल्मींची मुलगी," त्या म्हणाल्या. "पप्पांच्या बोअरमधला एक तुकडा मिळेल म्हणाले. दहा सेंटिमीटरपर्यंत."

बयूमीच्या हातातला चहाचा पेला तोंडाशी गेला नाही, खालीही आला नाही.

"तुम्ही लहान असताना या टेबलावर बसायचात," तो म्हणाला. "माझ्या पावतीपुस्तकावर मांजरी काढायचात."

"आता शाळेत शिकवते. मुलं माझ्या हजेरीपुस्तकावर काढतात."

डॉक्टर हिल्मी म्हणजे खात्यातला विनोद. इंग्लंडात शिकून आलेला हुशार माणूस. दगड जिभेला लावून बघायचा, जीभ चिकटली तर चिकणमाती. चौतीस वर्षांपूर्वी बोअर सतराच्या कांड्या वाचून त्याने जाहीर केलं की तो बोअर जिथे पाडला, तो पश्चिमेच्या वाळवंटातला डोंगर उलटा आहे. जमिनीने कधीतरी कूस बदलली, थर दुमडले आणि खालचं वर आलं. म्हणजे वरच्या थरात सापडलेलं पाणी खाली पुन्हा सापडायला हवं. खात्याने तीन वर्षं खाली भोकं पाडली. वाळू निघाली, धूळ निघाली, शेवटी ड्रिलचं पातं अडकलं तेही निघालं नाही. मग कोणीतरी हिल्मीच्या दारावर त्याच्या नावाची पाटी उलटी लावली. लोक हसले. त्याची बदली ग्रंथालयात झाली, आणि त्याने ती पाटी तशीच राहू दिली.

यात एक गोष्ट फक्त बयूमीला माहीत होती. पेटीत कांड्या डावीकडून उजवीकडे मांडायच्या असतात, वरची आधी, खालची नंतर. नियम इंग्रजांच्या वेळचा, पुस्तकं इंग्रजी, वाचणारे साहेबही तसेच शिकलेले. पण बोअर सतराच्या वेळी बयूमी नवा होता. मशिदीतल्या मदरशात चार इयत्ता शिकलेला तो माणूस. त्याच्या लेखी जगातली प्रत्येक ओळ उजवीकडून सुरू होत होती. त्याने नऊच्या नऊ पेट्या उजवीकडून भरल्या. ओळी वरून खाली बरोबर लागल्या, कारण त्याबाबतीत अरबी आणि इंग्रजीचं भांडण नाही. म्हणून मीटरचे आकडे जुळले आणि कोणाला काही दिसलं नाही. वर्षभराने एका मुकादमाने दुसऱ्या बोअरच्या पेटीवरून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा बयूमीला कळलं. तोवर हिल्मीचा अहवाल छापून झाला होता, सोनेरी अक्षरांत. हिल्मीने सगळ्या शेडला बसबूसा ही रव्याची मिठाई वाटली होती. बयूमीने दोन तुकडे खाल्ले होते.

उद्या सांगू, असं तो सुरुवातीला रोज म्हणायचा. नंतर म्हणायचंही राहून गेलं.

"कुठली पेटी?" सुहैरबाईंनी विचारलं.

बयूमीने पाचवी उघडली. त्या खाली बसल्या आणि ओळीवरून बोट फिरवू लागल्या. अरबीची शिक्षिका, बोट आपसूक उजवीकडून निघालं.

"पप्पा घरी बरणीत वाळू आणि पाणी घालून हलवायचे," त्या म्हणाल्या. "जाड वाळू आधी तळाला बसते, बारीक वरती. आई म्हणायची, मुरंब्याच्या बरण्या तेवढ्या सोडा हो!" बोट पुढे सरकलं. "इथे बारीक... मग जरा जाड... मग खडेच." त्या थांबल्या. "वर बारीक, खाली जाड. मग हे सरळच आहे की! उलटं काय आहे यात?"

ट्रकमध्ये एक पेटी पडली.

"पप्पांना एवढं दिसलं नाही?" सुहैरबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. एकतीस वर्षं लोकांनी जे म्हटलं, ते आता त्यांनाही म्हणावं लागणार होतं, एवढाच थकवा होता. "म्हणजे ते खरंच..."

इथे बयूमीने गप्प राहायचं होतं. त्याला सराव होता. गुरुवारी निवृत्ती, शाल, केक आणि शेडच्या जागी गाड्या.

"डॉक्टरांनी बरोबर वाचलं," तो म्हणाला. "डावीकडून वाचायची पद्धत आहे. त्यांनी डावीकडून वाचलं. मी उजवीकडून मांडलं होतं."

"कधी कळलं तुम्हाला?"

"वर्षभराने."

"म्हणजे तेहतीस वर्षं."

"हो."

बाईंनी त्याच ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं, या वेळी डावीकडून. ओरडतील असं बयूमीला वाटलं; बरं झालं असतं.

"शेवटी इस्पितळात ते सगळं उलटं करून बघायचे," त्या म्हणाल्या. "चमचा, औषधाची बाटली. नर्स म्हणायची, डोक्यावर परिणाम झालाय. मीही हो म्हणायचे."

एवढ्यात उपसंचालक रिफअत बे रुमालाने नाक दाबून आत आले. बयूमीने उभ्या उभ्या त्यांना सगळं सांगितलं. तेहतीस वर्षं अडलेलं वाक्य दुसऱ्यांदा फारच सोपं निघालं.

"साहेब, अहवालात दुरुस्ती घाला. मी सही करतो."

"अहो बयूमीकाका, कशाची दुरुस्ती?" रिफअत बे म्हणाले. "बोअर सतरा आज सकाळी नोंदवहीतून कमी झाला. जी पेटी खात्यात नाहीच, ती उलटी कशी असेल? गुरुवारी केक आहे, तेवढं लक्षात ठेवा." मग सुहैरबाईंना अदबीने म्हणाले, "तुमचे वडील फार मोठे मनुष्य होते, मॅडम. दहा सेंटिमीटर हं, जास्त नको."

ते गेले. बाईंनी मधला एक तुकडा उचलला आणि दोन्ही हातांत धरला.

"याची वरची बाजू कुठली?"

बयूमीने तो हातात घेतला. एक टोक जिभेला लावलं, उगीच, सवयीने. जीभ चिकटली. मग खिशातला लाल रंगाचा खडू काढून त्याने दगडावर वर जाणारा बाण ओढला. बाण वाकडा आला. पुसून पुन्हा ओढला.

"असा धरा," तो म्हणाला.

सुहैरबाईंनी तो तसा धरला. फाटकापर्यंत त्या तो दगड काठोकाठ भरलेल्या पेल्यासारखा उभा धरून चालत गेल्या. मायक्रोबसमध्ये चढतानाही तो आडवा होऊ दिला नाही.

तुकडा काढला की त्या जागी लाकडाचा ठोकळा ठेवायचा आणि कोणी नेला ते लिहायचं, अशी पद्धत आहे. बयूमीने लिहिलं. मग तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि पहिल्या पेटीतली पहिली कांडी उचलली, फिरवली, डावीकडे ठेवली. मग दुसरी.

तीन वाजता हमाल म्हणाला, "काका, एवढंच राहिलंय. ट्रकवाला शिव्या घालतोय."

"चार ओळी राहिल्यात."

"पण हे तर फेकायचंय ना?"

"फेकायचंच आहे."

हमालांनी एकमेकांकडे बघितलं आणि सिगारेटी पेटवल्या. म्हातारा गुरुवारी जातोय, दहा मिनिटांनी काय बिघडतं! बयूमीने शेवटची कांडी लावली, ओळीवरून डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं, पाचव्या पेटीतला ठोकळा नीट बसला आहे ना ते पाहिलं आणि हात झटकले.

"झालं," तो म्हणाला. "न्या."

दोघांनी पहिली पेटी सांभाळून, अगदी आडवी धरून उचलली. ट्रकच्या फळीपर्यंत नेली आणि उपडी केली.