पियानो थांबतो तिथे

वाचनालयाच्या सभागृहात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही बावीस माणसं बसलो होतो आणि समोर एक गृहस्थ अकलेचे तारे तोडत होता. मी मनातल्या मनात त्याचं नाव रसिकराज ठेवलं. गळ्यात मफलर, हातात माईक, टेबलावर टँगोची एक जुनी रेकॉर्ड. गाणारं कुणी नाही, नुसती वाद्यं. त्यामुळे त्याला रान मोकळं होतं.

"हा अकॉर्डियनचा निःश्वास ऐका," तो डोळे मिटून म्हणाला. "बंदरावर वाट पाहत उभी असलेली स्त्री आहे ही!"

स्त्री कसली डोंबलाची! भात्याला भोक पडलं होतं. त्यावर चिकटपट्टी मीच लावली होती.

"आणि हे ठोके? नियतीची पावलं."

डबल बासवाल्याला पाय आपटायची खोड होती. कितीदा सांगितलं, पण मेला ऐकेल तर शपथ. इथे मात्र सगळे माना डोलवत होते. एक बाई तर वहीत उतरवून घेत होती.

भर कार्यक्रमात उतरवलेल्या या रेकॉर्डवरचा पियानो माझा आहे आणि व्हायोलिन ताईचं. मधे आठ मात्रा माझा पियानो गप्प होतो आणि ताईचा एकच सूर लांबत जातो. तिने हावरटासारखा सूर ताणला, मला शिरायला जागाच दिली नाही, असं मी तेव्हा बँडमास्तरांना सांगितलं. त्यांनी ताईला बँडमधून काढलं. त्याला आता एकतीस वर्षं झाली, आणि तेवढीच वर्षं आम्ही दोघी बोललेलो नाही.

मला इथे ओढून आणलं होतं ताईच्या मुलीने. ताई हल्ली अंथरुणाला खिळलेली आहे. "एकदा ऐक, मावशी," भाची म्हणाली होती. "मग आईकडे ये, नाहीतर नको येऊस. मी पुन्हा विचारणार नाही." मी ऐकायला आले होते. ताईकडे जायचा माझा काडीचाही विचार नव्हता.

ती जागा आली. रसिकराजाने बोट वर केलं. आता हा काय दिवे लावतो ते बघू, म्हटलं.

"व्हायोलिनवाली घाबरली आहे," तो म्हणाला. "गज संपत आलाय, सूर थरथरतोय, तरी ती सोडत नाही. मिरवणारा माणूस असं वाजवत नाही. ती कुणालातरी सावरून धरतेय."

हावरट, हावरट म्हणून इतकी वर्षं सांगत आले, सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. मघापासून मूर्खासारखं बोलणाऱ्या या माणसाने मला नेमकं पकडलं, याचा संताप आला. स्वतःची तर किळसच आली.

मी उभी राहिले. "तो पियानो मी वाजवलाय. माझा नोटेशनचा कागद खाली पडला होता. पुढचं काही आठवेना. तिने मला सांभाळून घेतलं."

रसिकराज लहान मुलाकडे बघून हसावं तसा हसला. "आजी, कागद-बिगद नाही हो. ती शांतता मुद्दाम रचलेली आहे. बुडणारा प्रियकर आहे तो."

वहीवाल्या बाईने प्रियकरही लिहून घेतला.

मी बाहेर व्हरांड्यात आले. भाची मागोमाग आली, पण कबूल केल्याप्रमाणे काही विचारेना. शेवटी मीच म्हटलं, "लाव फोन."

पलीकडून दमलेलं "हॅलो" आलं.

"ताई, माझा कागद पडला होता गं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी समोरच उभी होते."