ओदेतची खोली

यागोदा आता आपल्या गावी, लुब्लिनच्या कॉलेजात पोर्तुगीज शिकवते. वर्गातली एखादी चुणचुणीत मुलगी कधीतरी विचारतेच, "बाई, तुमचं बोलणं रेडिओवरच्या लोकांसारखं का नाही?" यागोदा हसून वेळ मारून नेते. तिची पोर्तुगीज अवेरू या पोर्तुगीज गावात, देओलिंदा मावशींच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता पक्की झाली, हे कोणाकोणाला सांगत बसणार?

१९९८च्या सप्टेंबरात ती तिथे पोचली तेव्हा एकवीस वर्षांची होती. विद्यापीठाने वर्षभरासाठी तिची सोय एका घरी लावून दिली होती. घरात दोनच माणसं. देओलिंदा मावशी सकाळी डोळा उघडला की बोलायला लागत. बेल्मीरु काका मिठागरात काम करत आणि दिवसाकाठी मोजून दहा वाक्यं बोलत.

"खारा वारा तोंडात जाऊ नये म्हणून गप्प बसायची सवय लागली त्यांना," मावशी म्हणत. "तू मनावर घेऊ नकोस."

यागोदाला दिलेली खोली त्यांच्या एकुलत्या एका मुलीची, ओदेतची होती. अर्धं कपाट अजून तिच्याच कपड्यांनी भरलेलं. "सरकव बाजूला आणि लाव तुझे," मावशी म्हणाल्या. काका मात्र त्या खोलीचा उंबरा ओलांडत नसत. लुब्लिनहून पत्र आलं की दारातूनच हात लांब करून देत.

पहिले दोन महिने वाईट गेले. मावशी इतक्या भरभर बोलत की यागोदाला चार शब्दांतला एक कळे. एका शनिवारी घरी फोन करून आल्यावर ती अंगणात तोंड फिरवून रडत बसली. काकांनी ते पाहिलं. सायकल बाहेर काढली, मावशींची सायकल तिच्यापुढे उभी केली आणि तिला मिठागरावर नेलं. हंगाम संपला होता, वाफे पाण्याने भरले होते. काकांनी बोट दाखवलं, "बांध." ती म्हणाली, "बांध." "चिखल." "चिखल." "बगळा." पुढे दर शनिवारी हा पाठ चालू राहिला. कमी बोलणारा माणूस म्हणजे नवी भाषा शिकणाऱ्यासाठी देवमाणूसच.

डिसेंबरात ओदेत येणार असल्याचं पत्र आलं, तेव्हा मावशींनी सगळं सांगितलं. शिक्षिकेचं शिक्षण अर्ध्यावर टाकून ओदेत चार वर्षांपूर्वी लक्झेंबर्गला गेली होती. बसस्थानकावर काका तिला म्हणाले होते, "मीठ ओढून तुला शिकवलं ते परक्यांच्या फरशा पुसायला?" त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद. फोन आला की काका उठून बाहेर जात.

ओदेत आली. खोलीत खुर्चीवर यागोदाचे स्वेटर पाहून म्हणाली, "वा, आई. मी नाही म्हटल्यावर दुसरी मुलगी आणलीस होय?"

यागोदा घाईघाईने उशी उचलून म्हणाली, "मी बाहेर सोफ्यावर झोपते."

"राहू दे. मी चार वर्षं दुसऱ्यांच्याच घरात झोपतेय. अजून दहा दिवसांनी काय बिघडतंय?"

घरात विचित्र कारभार सुरू झाला. "आई, बाबांना सांग, मिठाची वाटी इकडे सरकवा." "देओलिंदा, तिला सांग, वाटी तिच्या कोपराशीच आहे." मधे बसून मावशींची मान दुखायची वेळ आली.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मावशींनी बटाटे आणि कोबीबरोबर खारवलेला कॉड मासा शिजवला. यागोदाने आईने टपालाने पाठवलेलं पाकीट उघडलं. आत कागदासारखी पातळ, पांढरी पोळी होती, चर्चमधल्या प्रसादासारखी.

काकांनी ती उजेडात धरून पाहिली. "हे तर आपल्या अंड्याच्या मिठाईचं वरचं टरफल. आतलं सारण काय पोस्टमनने खाल्लं?"

मावशी पोट धरून हसल्या. ओदेतलाही हसू आलं, पण तिने ते बशीकडे बघत दाबलं.

"आमच्याकडे प्रत्येकाने प्रत्येकाच्या पोळीचा तुकडा मोडायचा," यागोदा सांगू लागली, "त्याचं भलं चिंतायचं आणि तुकडा खायचा. कोणालाही वगळायचं नाही. मगच जेवायला बसायचं." बोलून झाल्यावर आपण काय करून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. पण मावशींनी तोवर सगळ्यांच्या हातात तुकडे दिलेही होते.

मावशींनी तिघांचं भलं एका दमात उरकलं. यागोदाचंही झालं. मग ते दोघेच उरले, टेबलाच्या दोन टोकांना.

"मासा निवतोय," मावशी हळूच म्हणाल्या.

काका उठून लेकीपर्यंत गेले. जाड बोटांना तिच्या हातातला तुकडा मोडता मोडेना. "तिथे थंडी फार असते म्हणे."

"असते."

"अंगावर घ्यायला धड आहे का काही?"

"आहे, बाबा."

काकांनी तिच्या बाहीचं कापड बोटांनी चाचपलं. मग म्हणाले, "बसस्थानकावर मी ते फरशांचं बोललो. बोलायला नको होतं. भलं कसं चिंततात ते मला जमत नाही."

ओदेतने त्यांच्या हातातला तुकडा मोडला. "मी तरी कुठे गोड बोलले होते," ती म्हणाली आणि तुकडा तोंडात टाकला. मावशींनी तोंडाला पदरासारखा ॲप्रन लावला. यागोदाला त्या संध्याकाळी पहिल्यांदाच लुब्लिनची आठवण झाली नाही.

तीन जानेवारीला ओदेतला बसवर सोडायला काका स्वतः गेले. त्यानंतर फोन आला की तेच आधी उचलत, "थंडी किती?" एवढं विचारत आणि मावशींच्या हाती देत. जूनमध्ये यागोदा निघाली, तेव्हा तिला मिठागरातले सगळे शब्द येत होते.

बेल्मीरु काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. मिठागर दुसऱ्याकडे गेलं, घर विकलं. अवेरूत यागोदाला जावंसं वाटतं, पण उतरायचं कोणाकडे? ऐंशी ओलांडलेल्या मावशी लक्झेंबर्गला लेकीकडे असतात. यागोदा दर रविवारी त्यांना फोन करते. मावशी अजून तेवढ्याच भरभर बोलतात. इथल्या लोकांना मासा कळत नाही, पाव तर रबरच, आणि शेजारीण काय बोलते ते एक अक्षर समजत नाही.

"सुरुवातीला असंच होतं, मावशी," यागोदा त्यांना सांगते. "रोज थोडे थोडे शब्द शिका."

"या वयात?" मावशी म्हणतात आणि मग विचारतात, "बरं, तू जेवलीस का?"