एकही हात वर नाही

"आजारी असेल त्यानं हात वर करा!" महाराज गरजले. इंदिरानगरचा तो हॉल सेवेकऱ्यांनी खच्चून भरलेला, प्रत्येकाच्या गळ्यात पिवळं उपरणं. एकही हात वर झाला नाही.

"बघा! सेवा हेच औषध. गोळ्या गोदेत सोडा!"

जयजयकार झाला. एवढ्या गर्दीत कुणाला साधी सर्दीसुद्धा नाही? मला हसू आलं.

ते टिकलं नाही. शेजारी कुसामावशीची छाती शिट्टीसारखी वाजत होती. गुरुवारच्या प्रसादाच्या भाकऱ्या तिच्याकडे. चुलीच्या धुरानं दमा उफाळलेला आणि महाराजांच्या शब्दाखातर श्वासाचा पंप बंद.

"मावशी, हात वर कर."

"नको गं उज्वला. आजारी म्हटलं की सेवेतून काढतात. सेवा सुटली की दुखणं दुप्पट व्हतं म्हणे." तिनं हात पदराखाली लपवला. "अन् काढलं तर जाऊ कुठं? माझ्या साऱ्या मैत्रिणी हितंच हायेत."

इकडे आड, तिकडे विहीर. माझ्या मावशीला असं कोंडणाऱ्याची मला भयंकर चीड आली. मी उभी राहिले.

"महाराज, मागच्या वर्षी भाकऱ्या झुंबरबाई थापायच्या. त्या कुठे आहेत?"

"त्यांची श्रद्धा कमी पडली."

"लकवा झालाय त्यांना," मागून एक बाई म्हणाली. "उपरणं काढून घेतलं."

"आजारी पडल्यावर देवरामकाकांचंही घेतलं," आणखी कुणीतरी बोललं.

मी मावशीकडे वळले. "गावी नामपूरला कांदा बाजारात न्यायच्या आधी तू काय करायचीस?"

"निवडायची. सडका बाजूला."

"मग उरलेला ढीग दाखवून कधी म्हणालीस, आमच्या शेतात कांदा सडतच नाही?"

"झुंबरला आम्ही निवडून टाकली गं," मावशी म्हणाली आणि तिनं हात वर केला.

"उपरणं काढून घ्या!" महाराज ओरडले. मावशीनं ते स्वतःच काढून ठेवलं.

बाहेर येऊन तिनं मी पर्समध्ये जपून ठेवलेला तिचा पंप ओढला, मग रडू लागली. "आता गुरुवारी भाकऱ्या कुठं थापू?"

"झुंबरबाईंकडे. गॅसवर."

परवाच्या गुरुवारी तिथे चौघीजणी जमल्या होत्या. दोघी उपरणं पिशवीत लपवून आल्या होत्या.

सेवेनं बरं वाटतं, हे खरंच आहे. चार माणसं भेटतात, हातपाय हलतात, आपली कुणाला गरज आहे असं वाटतं. त्यात चमत्कार कसला? सेवा जरूर करा, पण औषध चालू ठेवून. आणि कुणी निरोगी गर्दी दाखवली, तर एवढंच विचारा: यायचं कोण थांबलं?