लंगडा ठोका

मी मेट्रोनोम. मला बोलता येत असतं तर चौदा वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळीच बोललो असतो, आणि मग ही हकिगत सांगायची वेळच आली नसती.

पुष्कळांना मी काय वस्तू आहे ते ठाऊक नसतं. वीतभर उंचीची, वर निमुळती होत गेलेली लाकडी पेटी. पुढचं झाकण काढलं की आत एक पोलादी दांडी दिसते आणि तिच्यावर सरकणारं छोटंसं वजन. बाजूला चावी. चावी दिली की दांडी डावीउजवीकडे झुलते आणि प्रत्येक झोक्याला टक् असा आवाज होतो. वजन खाली सरकवलं की ठोके जलद, वर नेलं की संथ. वाद्य शिकणाऱ्याला लय धरता यावी म्हणून मी. मला सूर कळत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं राखायचं, एवढंच माझं काम.

जन्म परदेशातला, पण तिथलं काही आठवत नाही. आठवतं ते ठाण्यातलं वाद्यांचं दुकान. तिथे काचेमागे, हार्मोनियमच्या रांगेच्या टोकाला, मी दोनतीन वर्षं धूळ खात होतो. लोक मला शोभेचं घड्याळ समजायचे. मग एक दिवस विश्राम करंबेळकर आले. त्यांनी मला काउंटरवर ठेवलं, मिनिटाला साठ ठोके लावले आणि मनगटावरचं घड्याळ माझ्याशेजारी धरून चांगली दोन मिनिटं उभे राहिले. दुकानदार हसत होता. दोन मिनिटांत एकशेवीस ठोके बरोबर पडले, तेव्हा ते म्हणाले, "बांधून द्या."

करंबेळकर अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. यंत्रांचे सुटे भाग तयार होऊन आले की त्यांची मापं तपासायचं त्यांचं काम. केसाएवढा फरक असला तरी माल परत. माणूस वाईट नव्हता. मापावर त्यांचा विश्वास होता, इतकंच.

घर विठ्ठलवाडी स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर. घरात बायको चित्राताई आणि एकुलती एक मुलगी, क्षिप्रा. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि कल्याणला मुकुल सरांकडे व्हायोलिन शिकत होती. सरांनीच सांगितलं होतं, घरी रियाजाला मेट्रोनोम असेल तर पोरीची लय पक्की बसेल.

ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली. शाळेतून आली की ती खिडकीजवळ उभी राहायची, मला चावी द्यायची आणि व्हायोलिन हनुवटीखाली घ्यायची. मला 'मास्तर' म्हणायची. "मास्तर, आज जरा हळू हं," असं म्हणून वजन वर सरकवायची. पहिल्यांदा तारांवर गज कुरकुरायचा, मग हळूहळू माझ्या ठोक्यावर तिचा सूर नेमका येऊन टेकायचा. खालच्या मजल्यावरच्या रंगूबाई भाजी निवडता निवडता वर मान करून ऐकत बसायच्या.

मग तो रविवार आला. क्षिप्रा आंघोळीला गेली होती. स्वयंपाकघरात चित्राताईंचा मिक्सर चालू होता. करंबेळकरांनी मला एका हातात घेऊन चावी द्यायला सुरुवात केली आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. फोन खांद्याशी धरायला गेले आणि मी हातातून सुटलो. लादीवर कोपऱ्यावर आपटलो.

त्यांनी चटकन उचललं. एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं, एकदा न्हाणीघराच्या दाराकडे. पेटीला टवकासुद्धा उडाला नव्हता. दांडी सोडून पाहिली. मी टकटक करायला लागलो. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मला फळीवर ठेवून दिलं. त्या दिवशी ना घड्याळ शेजारी धरलं, ना ठोके मोजले.

पण माझ्या आत काहीतरी तिरकं झालं होतं. उजवीकडचा ठोका वेळेवर पडायचा आणि डावीकडचा किंचित उशिरा. मोठा फरक नव्हे. मिनिटाचे ठोके मोजले असते तर पुरे साठ भरले असते. पण चाल लंगडी झाली होती.

दोन दिवसांनी क्षिप्राने वाजवता वाजवता गज थांबवला. मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहिली. मग वडिलांना म्हणाली, "बाबा, हा लंगडतोय."

करंबेळकरांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. क्षणभर त्यांची नजर माझ्यावर आली, आणि त्यांना रविवार आठवला हे मला स्पष्ट दिसलं. वाटलं, आता सांगतील. ते म्हणाले, "यंत्र लंगडत नसतं, क्षिप्रा. तू चुकतेस, म्हणून तुला तसं वाटतंय. परत वाजव."

तिने परत वाजवलं. पुन्हा थांबली. चित्राताई आतून म्हणाल्या, मुलगी म्हणतेय तर एकदा कुणाला तरी दाखवून आणा ना. त्यावर ते चिडले. म्हणाले, आपण दुकानात दोन मिनिटं तपासून घेतलाय, उगाच मुलीला सबबी शिकवू नकोस. एकदा असं बोलून बसल्यावर त्यांना मागे फिरता येईना. एकदोनदा घरात कुणी नसताना त्यांनी मला हातात घेतलं, कानाशीही धरलं. पण त्यांना आयुष्यभर डोळ्यांनी मोजायची सवय. कानाला काही कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. पुन्हा फळीवर ठेवून दिलं.

क्षिप्राने आणखी काही दिवस तक्रार केली. आईच्या मोबाईलवर मेट्रोनोमचं ॲप घेऊ का, असंही विचारलं. मोबाईल हातात नको, असं उत्तर मिळालं. मग ती गप्प झाली. ती गप्प झाली ते मला तिच्या शब्दांपेक्षा जास्त लागलं, कारण त्यानंतर तिने स्वतःला बदलायला सुरुवात केली. जो कान बरोबर सांगत होता त्याला ती दटावू लागली. रोज दीड तास, डोळे मिटून, माझ्या लंगड्या ठोक्याला आपला हात जुळवत राहिली. मी थांबूही शकत नव्हतो. चावी दिली की चालायचं, हेच माझं नशीब.

तीन वर्षांत तिचा हात माझ्याशी पूर्ण जुळला.

मुकुल सरांच्या लक्षात आलं नाही असं नाही. ती घरी येऊन आईला सांगायची, त्यावरून मला कळायचं. क्लासमध्ये ते पायाने ठेका धरायचे आणि तिचा दर दुसरा ठोका मागे पडायचा. घरी कशावर वाजवतेस, असं त्यांनी विचारलं. मेट्रोनोमवर, ती म्हणाली. मग प्रश्नच मिटला. मी तिच्या घरात होतो, सर कल्याणला. त्यांनी मला कधी ऐकलंच नाही. दोष मुलीतच असणार, असं ठरलं.

ती चौदा वर्षांची असताना मुंबईतल्या एका मुलांच्या वाद्यवृंदासाठी निवड होती. बाबा रजा काढून तिला घेऊन गेले. मी घरीच होतो. जे कळलं ते संध्याकाळी ते चित्राताईंना सांगत होते त्यावरून. तिला आणखी चार मुलांबरोबर वाजवायला बसवलं. अर्ध्या पानावर परीक्षकांनी थांबवलं. पुन्हा एकदा संधी दिली, पुन्हा थांबवलं. मग करंबेळकरांना बाजूला घेऊन म्हणाले, मुलीचा सूर फार गोड आहे, पण लय मुळातच कच्ची आहे, ती शिकवून येत नाही.

क्षिप्रा त्या रात्री जेवली नाही. व्हायोलिन पेटीत ठेवलं, गजाचे केस सैल केले, पेटीचे दोन्ही खटके लावले आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, मला लय नाहीच आहे. उगाच तुमचा इतका वेळ घालवला."

खोलीत आम्ही दोघंच असे होतो ज्यांना रविवार ठाऊक होता.

पुढची अकरा वर्षं मी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जुन्या स्वेटरांच्या मागे काढली. तिथून फक्त आवाज यायचे. क्षिप्रा कॉमर्सला गेली, विमा कंपनीत लागली, लग्न होऊन ठाण्याला बाळकुमला राहायला गेली. माहेरी आली की तिचं बोलणं ऐकू यायचं. साधी भाजी केली तरी विचारायची, मीठ बरोबर आहे ना? ऑफिसातलं काही सांगायची आणि शेवटी म्हणायची, मला असं वाटतं, पण माझंच चुकत असेल. चित्राताई एकदा म्हणाल्या, ही मुलगी अशी कशी झाली कोण जाणे. कपाटाचं दार बंद होतं.

यंदा इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. घर रिकामं करताना मी पुन्हा उजेडात आलो. करंबेळकर आता निवृत्त झाले आहेत, केस सगळे पिकले आहेत. माझ्यावरची धूळ पुसून ते म्हणाले, दुरुस्त करून मुकुल सरांच्या क्लासला देऊन टाकू, कुणाला तरी उपयोग होईल. आणि मला पिशवीत घालून कल्याणला रतनशेठकडे घेऊन गेले. रतनशेठ चाळीस वर्षं चावीची घड्याळं दुरुस्त करतात.

त्यांनी मला चावी दिली, डोळे मिटले आणि पाच ठोके ऐकले. पाचच.

"हा कधीतरी पडलाय," ते म्हणाले. "आतली आस, दांडी झुलते तो कणा, तिरकी झालीय. एक ठोका मागे पडतोय बघा. कोण वाजवायचं यावर?"

"मुलगी."

"तिने सांगितलं नाही कधी?"

करंबेळकरांनी दुकानातलं स्टूल ओढलं आणि बसले. रतनशेठनी पाणी दिलं. बरं वाटत नाही का, विचारलं. अर्ध्या तासाचं काम होतं. चौदा वर्षं आणि अर्धा तास.

दुरुस्त झाल्यावर ते मुकुल सरांकडे गेले नाहीत. रिक्षा केली, बस पकडली आणि मला मांडीवर घेऊन थेट बाळकुमला आले. क्षिप्राने दार उघडलं. कळवलं का नाही, आई बरी आहे ना, असं विचारत होती. त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि उभ्यानेच सांगितलं.

"मीच पाडलेला तो. तू आंघोळीला गेलेलीस. कारखान्यात एखादं माप हातातून पडलं तर आम्ही त्याला लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवतो, तपासल्याशिवाय वापरत नाही. घरी मी तेवढंही केलं नाही. तुझं बरोबर होतं, क्षिप्रा. तुझा कान बरोबर होता."

मला वाटलं रडेल, नाहीतर भांडेल. तिने वडिलांना आधी खुर्चीत बसवलं. मग म्हणाली, "आता सांगून मी काय करू, बाबा?"

थोड्या वेळाने तिने मला जवळ ओढलं, चावी दिली, वजन साठावर आणलं. मी चालू लागलो. चौदा वर्षांनी सरळ, दोन्ही बाजूंना सारखा. तिने टेबलावर बोटाने ठेका धरला.

पहिला ठोका बरोबर पडला. दुसऱ्याला तिचं बोट किंचित उशिरा आलं. तिसरा बरोबर. चौथा उशिरा. तिला ते कळत नव्हतं. करंबेळकरांना मात्र ते लंगडणं पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. त्यांनी तिला दुरुस्त केलं नाही. तोंड खिडकीकडे फिरवलं.

सध्या मी बाळकुमलाच आहे, टीव्हीशेजारच्या फळीवर. व्हायोलिन पलंगाखाली आहे. मधूनच ती मला चावी देते, बोटाने ठेका धरते, थोड्या वेळाने थांबवते. नवऱ्याला सांगते, सहजच.

तुमच्या घरात एखादं मूल म्हणालं की घड्याळ चुकतंय, तराजू चुकतोय, मोठी माणसं चुकतायत, तर चिडण्याआधी एकदा त्याच्याशेजारी बसा आणि ऐका. पाच ठोके पुरतात. माझी एवढीच विनंती आहे.

आणि एक सांगतो, हे बरोबर नाही हे मला कळतं. तिचं बोट उशिरा पडतं तेव्हा वाटतं, तिच्यासाठी आपणही थोडं थांबावं, पुन्हा लंगडावं, म्हणजे तिला एकटं वाटणार नाही. पण रतनशेठनी काम चोख केलं आहे. आता तेही माझ्या हातात नाही.