पाव मार्काची वजाबाकी

नवरा परीक्षेत पहिला आला याचं तिला जेवढं दुःख झालं, तेवढं सवत आणली असती तरी झालं नसतं. सवतीशी निदान भांडता येतं. पहिल्या आलेल्या नवऱ्याचं तोंडभरून कौतुक करावं लागतं, तेही सासूबाईंच्या देखत.

दोघं एकाच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. ती साखर तपासण्याच्या टेबलावर, तो पलीकडे रक्तपेशी मोजण्याच्या मशीनवर. लॅबप्रमुखाची एकच जागा निघाली आणि तिच्यासाठी परीक्षा लागली. शंभर प्रश्न. बरोबर उत्तराला एक मार्क, चुकलं की पाव मार्क कापणार, कोरं सोडलं तर काही नाही.

अभ्यास केला तिनं. ती भाजी निवडता निवडता मोठ्यानं वाचायची, तो पलंगावर लोळत ऐकायचा. एवढीच काय ती त्याची तयारी. पण पेपर हातात पडला आणि त्या पाव मार्काची तिनं धास्ती घेतली. जरा शंका आली की सोड, असं करत सदतीस प्रश्न तिनं कोरे ठेवले. त्यानं एकही सोडला नाही. येत नव्हतं तिथं उघड चुकीची दोन उत्तरं बाजूला केली आणि उरलेल्या दोनांतलं एक ठोकून दिलं. त्याचे तीस चुकले, साडेसात मार्क कापले गेले, तरी साडेबासष्ट उरले. तिचा एकच चुकला. तिला पावणेबासष्ट. बाकीचे कुठल्या कुठे मागे.

"वहिनी, आता घरी आणि इथं साहेब एकच," नमुने गोळा करणारे मामा म्हणाले. "रजा पाहिजे असली तर सकाळी डबा भरतानाच मागून घ्या."

सगळी लॅब हसली. सगळ्यात मोठ्यानं तोच हसला. तिनं हसल्यासारखं केलं आणि दिवसभर नळ्या जरा जास्तच आपटून ठेवल्या.

बरोबर उत्तरांची यादी आणि सगळ्यांचे पेपर कॉम्प्युटरवर लागले होते. कुणाची हरकत असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत कळवायची होती. घरी आल्यावर ती आपले कोरे प्रश्न एकेक करून बघत बसली. दुखऱ्या दाताला जीभ लावावी तसं चाललं होतं. हेही येत होतं. हेही. आणि मग तो प्रश्न आला: साखरेच्या तपासणीसाठी रक्त कुठल्या झाकणाच्या नळीत घ्याल?

यादीत उत्तर होतं, जांभळ्या.

तिनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. साखरेला राखाडी झाकण, ही तिची रोजची भाकरी. इतकं सोपं कोण विचारेल, यात काहीतरी गोम असणार, म्हणून तिनं तो सोडला होता. तिनं नवऱ्याचा पेपर उघडला. त्यानं जांभळ्यावर खूण केली होती. करणारच, दिवसभर त्याच्या टेबलावर जांभळीच झाकणं. प्रश्न पुरता वाचायच्या आधीच हात गेला असणार.

तिनं हिशेब केला. यादी सुधारली तर त्याचा मिळालेला एक मार्क जाणार, वर पाव कापणार. सव्वाएकसष्ट. ती आहे तिथंच, पावणेबासष्ट. अर्ध्या मार्कानं ती पुढे. तिच्या पोटात इतकं गार गार वाटलं की तिला स्वतःचीच लाज वाटली.

तो बाजूलाच शर्टाला इस्त्री करत, खांद्याशी फोन धरून बहिणीला सांगत होता, "अगं नशीब कसलं, धाडस लागतं. हिच्यासारखं घाबरून चालत नाही."

फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "अहो, साखरेला नळी कुठली?"

"राखाडी. का?"

"पेपरात जांभळी लिहिलीत. आणि यादीही तेच म्हणतेय. मी हरकत घेतेय."

तो पुढे होऊन वाचायला लागला. वाचता वाचता त्याची बोटं हलायला लागली. हिशेबात तो पक्का होता.

"तुझा यात एक मार्कही वाढत नाही," तो म्हणाला.

"नाही वाढत."

"माझे तेवढे जातात."

"हो."

त्यानं इस्त्री उभी ठेवली. "मामा पहिले आले असते तर घेतली असतीस हरकत?"

खोटं बोलता आलं असतं. "नसती घेतली. थोडं वाईट वाटलं असतं, मग विसरले असते."

"मग मीच बरा सापडलो."

"तुम्हाला मी शिकवलं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं मला एवढं लागलंच नसतं."

हरकतीचं कारण तिनं टाइप केलं: दुसऱ्या नळीत ठेवलेल्या रक्तातली साखर पेशी खात राहतात, आकडा कमी येतो, रुग्णाला चुकीचं औषध जाऊ शकतं. अक्षरन् अक्षर खरं होतं. त्यासाठी मात्र ती हे करत नव्हती, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. तिनं बटण दाबलं.

"नाही बदलली यादी तर?" त्यानं विचारलं.

"बदलणार."

"एवढी खात्री परीक्षेत कुठं गेली होती गं?"

टोमणा वाटला तिला, पण त्याच्या तोंडावर तसं नव्हतं. तो खरंच विचारत होता. तिनं उठून इस्त्री हातात घेतली आणि त्याच्या शर्टाची कॉलर नीट करायला लागली. परवा हा शर्ट घालून तो साहेब म्हणून जाणार की तिच्या हाताखाली, ते काही ठरलं नव्हतं. हाताखालीच जावा, असं तिला मनापासून वाटत होतं. कॉलरवर इस्त्री मात्र तिनं दोन्ही बाजूंनी फिरवली.