वन्संचं रक्त

वन्संचं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि मशिनमधून पानं बाहेर पडेपर्यंत त्या गिऱ्हाइकाला आपल्या वहिनीच्या बाळंतपणाची गोष्ट सांगत. गिऱ्हाईक नवं असलं तर सगळी, जुनं असलं तर थोडक्यात. वहिनी बाळंत झाली आणि रक्त काही थांबेना, डॉक्टरांनी हात टेकले, घरातल्या एकाचाही रक्तगट जुळेना, आणि मग जिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं ती हडकुळी धाकटी नणंद पुढे झाली. "मी म्हटलं, घ्या माझं. हवं तेवढं घ्या," असं म्हणून वन्सं बाही वर करून दाखवत, जणू सुईचं भोक अजून तिथंच होतं. "आज वहिनी हिंडतेफिरते ना, ती माझ्या रक्तावर."

वहिनी समोर उभी असली तरी गोष्टीत काटछाट होत नसे. ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं करायच्या मशिनवर होती. सुटल्यावर घरी जाताना दुकानात डोकवायची आणि आपण मरता मरता कशा वाचलो ते मान डोलवत ऐकायची. तिला या गोष्टीचा कंटाळा आला होता, खोटं कशाला बोला. घरात तिनं जरा आवाज चढवला की वन्सं म्हणणार, "माझंच रक्त बोलतंय." भाजी चांगली झाली की श्रेय वन्संच्या रक्ताला, खारट झाली की दोष दुसऱ्या बाटलीला. कारण बाटल्या दोन चढवल्या होत्या, एक वन्संची आणि एक कुणा अनोळखी माणसाची. त्या दुसऱ्या बाटलीची खरं तर काही गरजच नव्हती, हे वन्संचं ठाम मत होतं.

म्हणून कारखान्यात रक्तदान शिबिर लागलं तेव्हा वहिनीनं सगळ्यांच्या आधी नाव दिलं. म्हातारपण येण्याआधी एकदा तरी आपणही कुणाला रक्त द्यावं आणि वन्संसमोर ताठ मानेनं बाही वर करावी, एवढाच तिचा मतलब होता. रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली, आणि त्या दिवशी दुकानात जाऊन तिनं कोपरावरची पट्टी वन्संच्या नाकासमोर नाचवली. वन्सं म्हणाल्या, "माझंच दिलंस ना? तुझं स्वतःचं कुठं आहे?"

पुढच्या आठवड्यात रक्तपेढीतून फोन आला. काळजीचं काही नाही, पण एकदा येऊन जा. काळजीचं काही नसताना कुणी बोलावत नाही, एवढं वहिनीला कळत होतं.

रक्तपेढीतल्या बाईंची खोली लहान होती. दोन खुर्च्या, टेबलावर पाण्याचा जग, आणि दार नीट लागत नव्हतं म्हणून त्या बाई आवाज खाली ठेवून बोलत होत्या. वहिनीच्या रक्तात हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराच्या अँटिबॉडीज सापडल्या होत्या. "म्हणजे तो विषाणू कधीतरी तुमच्या शरीरात शिरला होता," बाई म्हणाल्या. "अजून आहे की गेला, ते दुसऱ्या तपासणीत कळेल. त्यासाठी आज पुन्हा थोडं रक्त घेऊ." मग त्यांनी एकेक विचारलं. गोंदवून घेतलं होतं का, मोठं ऑपरेशन झालं होतं का, कधी रक्त चढवलं होतं का.

वहिनीला हसूच फुटलं. सगळ्या गल्लीला पाठ असलेली गोष्ट या बाईंना माहीत नव्हती. तिनं ती सांगितली, अगदी वन्संच्या शब्दांत, आणि "घ्या माझं"पर्यंत आल्यावर तिला त्या प्रश्नाचा अर्थ कळला.

"त्या काळी रक्तात हे तपासायची सोय नव्हती," बाई म्हणाल्या. "कुणाचा दोष नाही. तुमच्या नणंदबाई आहेत अजून?"

"आहेत तर. चांगल्या खणखणीत आहेत."

"मग त्यांना सांगा तपासून घ्यायला. हा आजार वर्षानुवर्षं तोंड उघडत नाही. माणूस खणखणीत दिसतो आणि आत यकृत निकामी होत जातं. वेळेत कळलं तर तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेक बरे होतात. उशिरा कळलं तर मग अवघड."

वहिनी घरी आली आणि तिनं आपला चहाचा कप वेगळा काढला. ताटवाटीनं, चहानं, मिठी मारल्यानं हे पसरत नाही, असं बाईंनी दोनदा बजावलं होतं. तिला पटलंही होतं. तरी हात आपोआप कपाकडे गेला. नवऱ्यानं विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं आणि मुलानं मुकाट्यानं आपापलं रक्त तपासून घेतलं. दोघांनाही काही नव्हतं. कप पुन्हा फळीवर गेला.

"दुसऱ्या बाटलीतलं असणार ते," नवरा म्हणाला. वन्सं त्याची पाठची बहीण.

"आणि नसलं तर?"

"असेल गं त्या दुसऱ्या बाटलीतलंच." तो चष्मा पुसू लागला. "तिला सांगू नकोस. नवरा गेला, मूलबाळ नाही. आयुष्यात एवढं एकच भांडवल आहे तिच्याकडे, आणि तू जाऊन सांगणार, की त्यातून तू मला आजार दिलास. ती हाय खाईल."

वहिनीला हे कळत नव्हतं असं नाही. पण तिला दुसरंही काही आठवत होतं. वन्सं पूर्वी दिवसभर मशिनपाशी उभ्या असत. हल्ली त्यांनी एक स्टूल आणून ठेवलं होतं. दुपारी शटर अर्धं ओढून झोपत होत्या. विचारलं तर म्हणायच्या, वय झालं. वहिनीपेक्षा त्या पाच-सहा वर्षांनी लहान होत्या. वय कुठलं झालं?

आधी तिनं सोपी वाट धरून पाहिली. कारखान्यात फुकट तपासणी आहे, चला की, म्हणाली.

"मला काय धाड भरलीय?" वन्सं म्हणाल्या. "रक्त द्यायला बोलाव, आत्ता येते. तपासायला नाही यायची."

वहिनी दोन दिवस गप्प बसली. तिसऱ्या दिवशी कारखान्यात तिनं एका शर्टाच्या कॉलरलाच काजं पाडून ठेवली, तेव्हा मुकादमीण म्हणाली, "बाई, लक्ष कुठाय तुमचं?" संध्याकाळी ती तडक दुकानात गेली. एक जण कागदांचा गठ्ठा घेऊन उभा होता, त्याचं काम होईपर्यंत थांबली, आणि मग तिनं स्वतःच शटर खाली ओढलं.

"वन्सं, माझ्या रक्तात एक आजार सापडलाय. यकृताचा. रक्त चढवलं त्यातून आलेला असू शकतो."

"दुसऱ्या बाटलीतून," वन्सं ताबडतोब म्हणाल्या.

"असेल. म्हणूनच तुम्ही तपासून घ्या. तुमच्यात नसला तर मी दुकानासमोर उभी राहून ओरडून सांगेन, की ती दुसरी बाटलीच नतद्रष्ट होती."

"आणि असला तर?"

वहिनीनं उत्तर घोकून आणलं होतं, पण ऐन वेळी एक शब्द आठवेना. "असला तर तुम्ही मरणार नाही," ती म्हणाली. "मी मरू देणार नाही. तेव्हा तुम्ही दिलंत का मला मरू?"

वन्संनी मशिनचं बटण बंद केलं. ते मशिन संध्याकाळी सातच्या आत बंद झालेलं वहिनीनं कधी पाहिलं नव्हतं. वन्सं स्टुलावर बसल्या, आणि त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "लहानपणी मला वर्षभर सुया टोचल्या गं. रोज. तो डॉक्टर एकच सुई पाण्यात बुडवून सगळ्यांना लावायचा. म्हणजे मी तुला..."

"तुम्ही मला जगवलंत. बाकीचं तुम्हाला ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरांनाही नव्हतं. उद्या सकाळी तयार राहा. मी रजा टाकलीय."

सकाळी दोघी तपासणीला गेल्या. रक्त घेणाऱ्या मुलीला त्यांची शीर सापडेना. दोन्ही हात पाहून झाले, मूठ वळून झाली, आणि ती मुलगी हसत म्हणाली, "मावशी, रक्त द्यायची इच्छा नाही वाटतं?" एरवी वन्संनी तिला तिथंच बसवून सगळी गोष्ट ऐकवली असती. आज त्या नुसत्या सुईकडे बघत राहिल्या. वहिनीला ते बघवेना. या बाईनं एकदा तरी फुशारकी मारावी, असं तिला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

दोघींचे निकाल लागोपाठ आले. वहिनीच्या शरीरात विषाणू नव्हता. येऊन गेला होता, तिच्या अंगानं त्याला कधीच हुसकावून लावलं होतं. काही लोकांत असं होतं, डॉक्टर म्हणाले. वन्संच्या अंगात मात्र तो ठाण मांडून होता. यकृत कडक व्हायला लागलं होतं, पण फार नाही. "आणखी चार-पाच वर्षं कळलं नसतं तर गोष्ट हाताबाहेर गेली असती," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

"म्हणजे तू त्याला हाकललंस," दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना वन्सं म्हणाल्या, "आणि मी इतकी वर्षं पोसत बसले."

वन्संनी गोळ्या नेमानं घेतल्या. वहिनी रोज कामावर जाताना दुकानात थांबायची, गोळी गिळताना बघायची आणि मगच पुढं जायची. पण गोष्ट बंद झाली. गिऱ्हाईक यायचं, पानं निघायची, वन्सं पैसे घ्यायच्या, सुटे परत द्यायच्या. जुनी गिऱ्हाइकं विचारायची, "काय, तब्येत बरी नाही?" भाजी खारट झाली तरी कुणी दुसऱ्या बाटलीचं नाव काढेना. नवरा म्हणाला, "सांगितलं होतं तुला." वहिनीला त्याचा राग आला, कारण तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता.

गोळ्यांचा दुसरा महिना सुरू होता. रविवारी सकाळी दुकानात एक नवा माणूस कसलेसे नकाशे घेऊन आला. मशिन गरम व्हायला वेळ लागत होता. वहिनी बाकावर बसली होती, ती एकदम त्या माणसाला म्हणाली, "या माझ्या नणंदबाई. मला मुलगी झाली तेव्हा यांनी रक्त दिलं म्हणून मी वाचले."

वन्सं पाठमोऱ्या होत्या. त्या वळल्या नाहीत. "मुलगा," त्या म्हणाल्या.

"हो, मुलगा. माझे थोरले दीरही रक्त द्यायला तयार होते..."

"कुठले तयार? सुई बघून पळाला होता तो!" वन्सं आता वळल्या. "आणि त्याचा गट तरी कुठं जुळत होता?"

"मग यांना डॉक्टरांनी फार आग्रह केला, तेव्हा कुठं या..."

"आग्रह?" वन्संनी नकाशे टेबलावर आपटले. "तुला धड आठवत नसेल तर सांगू नये. मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मी म्हटलं, घ्या माझं." आणि त्यांनी बाही वर केली. तिथं परवाच्या फेरतपासणीचा निळा डाग होता. त्यांनी त्या डागाकडे पाहिलं, बाही होती तशीच राहू दिली.

माणूस म्हणाला, "भाग्यवान आहेत तुमच्या वहिनी."

"भाग्य कसलं? माझ्या रक्तात रोग होता, तो तिला गेला. मला ठाऊक नव्हतं. हिनं त्याला हाकलून दिलं आणि मला हात धरून नेऊन तपासायला लावलं. आता गोळ्या चालू आहेत." वन्संनी मशिनचं झाकण उघडलं आणि नकाशा सरळ केला. "माझंच रक्त ते. इतकी वर्षं तिच्याकडे राहिलं आणि शेवटी तिच्या तोंडून मलाच निरोप धाडला, की बाई, स्वतःकडे बघ."

वहिनी मान डोलवत ऐकत होती. डोळे पुसायला तिला पदर लागला, तो तिनं घाम आल्यासारखा कपाळावरून फिरवला.

"आणि तुम्ही?" वन्सं त्या माणसाला म्हणाल्या. "लहानपणी सुया खाल्ल्यात की नाही? मग बघताय काय? इथून सरळ जा, उजव्या हाताला दवाखाना आहे. किती प्रती काढू?"